यंत्राच्या ताब्यातला मित्र

(उल्हासनगर, कॅम्प ५ येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारायला शिकवले. म्हणून आज मी एक अवघड प्रश्न घेऊन उभा आहे. मित्राने दगा दिला, पण तो देताना त्याचे मन त्याच्या हाती नव्हते, एखाद्या यंत्राच्या हाती होते, असे घडू शकते का? आणि घडले, तर त्या मित्राला आपण काय म्हणायचे?

यंत्राने माणसाचे मन ताब्यात घेतल्याच्या कथा आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत, पडद्यावर पाहिल्या आहेत. या भीतीला थोडा खरा आधारही आहे. १९६३ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ होसे देल्गादो नावाचे शास्त्रज्ञ एका बैलासमोर उभे राहिले. बैलाच्या मेंदूत त्यांनी तारा बसवल्या होत्या. बैल अंगावर धावून आला, देल्गादोंनी हातातल्या रेडिओ-यंत्राची कळ दाबली आणि बैल थांबला. मन काबूत आणणारे यंत्र सापडले, अशी जगभर चर्चा झाली. पण बैलाचा राग शमलाच नव्हता, त्या धक्क्याने त्याचे अंग एका बाजूला वळले आणि म्हणून तो थांबला, असे इतर अभ्यासकांचे म्हणणे होते. यंत्राने ताबा मिळवला तो स्नायूंवर. मन होते तिथेच राहिले.

तरीही यंत्रासमोर बसलेला साधा, सरळ माणूस दुसऱ्याला इजा करतो, हे मात्र सिद्ध झालेले आहे. त्यासाठी मेंदूत तारा घालाव्या लागल्या नाहीत. १९६१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी तो प्रसिद्ध प्रयोग सुरू केला. माणसाला एका यंत्रासमोर बसवायचे. यंत्रावर ३० कळी, १५ व्होल्टपासून ४५० व्होल्टपर्यंत. भिंतीपलीकडे दुसरा माणूस. त्याचे उत्तर चुकले की कळ दाबायची आणि दरवेळी पुढची, आणखी जोराची. धक्के खोटे होते, पण कळ दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. शेजारी करडा कोट घातलेला माणूस शांतपणे ‘चालू ठेवा’ म्हणत राही. चाळीसपैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. शेकडा ६५.

या प्रयोगावर पुढे खूप टीका झाली. माणसांना असे फसवणे योग्य होते का, किती जणांना धक्के खोटे असल्याचा संशय आला होता, हे प्रश्न रास्तच आहेत. पण मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते त्या ६५ च्या आकड्यापुढे जे झाले त्याकडे. मिलग्रॅम यांनी अंतर बदलून पाहिले. धक्का खाणारा त्याच खोलीत समोर बसला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे शेकडा ४० उरले. त्याचा हात स्वतः धरून धक्क्याच्या पट्टीवर दाबायचा, असे ठरले तेव्हा ३०. हुकूम देणारा खोलीबाहेर गेला आणि फोनवरून सांगू लागला, तेव्हा पाचांतला जेमतेम एक. यंत्र तेच होते, कळी त्याच होत्या, माणसेही तशीच होती. बदलले ते फक्त अंतर.

आता त्या प्रयोगाचा एक भाग ऐका, जो मिलग्रॅम यांनी आपल्या हयातीत प्रसिद्धच केला नाही. येलच्या दप्तरात तो पडून होता आणि गेल्या काही वर्षांत अभ्यासकांनी तो बाहेर काढला. १९६२ मध्ये त्यांनी माणसांना जोडीने बोलावले. मित्र मित्राला घेऊन आला, शेजारी शेजाऱ्याला, नातेवाईक नातेवाइकाला. एकाला यंत्रासमोर बसवले, दुसऱ्याला भिंतीपलीकडे. पलीकडच्याला गुपचूप सांगितले, की धक्के खोटे आहेत, तू फक्त ओरडायचे. अशा २० जोड्या झाल्या. त्यांत शेवटच्या कळीपर्यंत गेले फक्त तिघे. सतरा जण मध्येच थांबले. ज्या यंत्रासमोर अनोळखी माणसाला चाळिसांतले सव्वीस शेवटपर्यंत छळत राहिले, त्याच यंत्रासमोर मित्राची किंकाळी आली आणि विसांतल्या सतरांचे हात थांबले.

आज मला जे सांगायचे आहे ते या आकड्यात आहे. माणसावर हुकूम चालवणाऱ्या यंत्राला सर्वांत मोठा अडथळा मैत्रीचा आहे. यंत्राची सत्ता अंतरावर चालते, आणि मैत्री ते अंतर मिटवते. म्हणून आजच्या यंत्राने वेगळी वाट काढली आहे. मित्राला धक्का द्या, असे ते आपल्याला सांगतच नाही. मित्राची किंकाळी आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, एवढीच व्यवस्था ते करते. दगा आपल्या हातून होतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी फेसबुकवर स्वभाव-चाचणीचे एक ॲप आले. प्रश्नांची उत्तरे द्या, तुमचे व्यक्तिमत्त्व कळेल. जगभरात सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी ते घेतले. फेसबुकच्या त्या वेळच्या नियमांप्रमाणे ॲप घेणाऱ्याच्या संमतीवर त्याच्या मित्रांचीही माहिती उचलता येत होती. ती केंब्रिज ॲनॅलिटिका या राजकीय प्रचाराच्या कंपनीकडे गेली. २०१८ मध्ये फेसबुकने कबूल केले, की ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती अशी गेलेली असू शकते. भारताचा आकडा नीट ऐका. आपल्या देशात ते ॲप घेणारे होते ३३५. आणि ज्यांची माहिती गेली असावी ते होते ५ लाख ६२ हजार ४५५. सव्वातीनशे माणसांनी दोन घटका करमणूक केली आणि साडेपाच लाख माणसे उघडी पडली. त्या ३३५ जणांपैकी कोणाच्याही मनात कपट नव्हते. आपण मित्राच्या घराची किल्ली परक्याच्या हाती देतो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. त्यांना दोषी धरता येत नाही. तो नियम लिहिणाऱ्यांना धरता येते, आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ मध्ये फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड केला तो याच प्रकरणातून.

हे फार दूरचे वाटत असेल, तर जवळचे घ्या. आपल्या भागात जीन्सचे कटिंग, शिलाई करणारे हजारो कारागीर आहेत. हंगाम संपला, हाती पैसा नाही, पोराच्या शाळेची फी थकली. मोबाइलवर कर्ज देणारे ॲप दिसते. पाच मिनिटांत पाच हजार. ॲप फक्त एक परवानगी मागते, फोनमधल्या नावांची यादी वाचायची. बटण दाबले जाते. हप्ता चुकला की फोन जातो तो कर्ज घेणाऱ्याला नव्हे, त्याच्या मित्रांना, मेहुण्याला, शेठला. घाणेरडे संदेश, जुळवाजुळव करून बनवलेले फोटो. महाराष्ट्रात आणि देशभर या छळामुळे माणसांनी जीव दिले आहेत. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ ला नियम काढून डिजिटल कर्ज देणाऱ्या ॲपना फोनमधली नावांची यादी, कॉलची नोंद, फोटो यांना हात लावण्यास मनाई केली. नियम चांगला आहे. पण बेकायदा ॲप नियम वाचून धंदा करत नाही. म्हणून परवानगीचे ते बटण दाबताना प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे, की त्या यादीतले प्रत्येक नाव म्हणजे एक माणूस आहे आणि त्याला आपण विचारलेले नाही.

आता मी अधिक भयंकर प्रकरणाकडे येतो. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारी ही माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या भागात कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होती. जमावाने पाचांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि मरेपर्यंत मारले. खटला चालला आणि २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली.

त्या काळात देशभर मुले पळवण्याची अफवा पसरवणारी एक चित्रफीत खूप फिरली. गल्लीत मुले खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. ती चित्रफीत कराचीची होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तिथल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती बनवली होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि हातातला फलक दाखवतात. कोणीतरी तेवढा शेवट कापला. कॅम्प पाचमध्ये ज्यांच्या घरात कराचीच्या, हैदराबाद-सिंधच्या आठवणी अजून निघतात, त्यांना ही गोष्ट वेगळी लागेल. लेकरांच्या काळजीने केलेली फीत सरहद्द ओलांडून आली आणि तिच्यासारख्या अफवांनी इथल्या लेकरांचे बाप मारले.

ही अफवा माणसांनी का मानली? यंत्राने कोणाच्या मेंदूत काही भरले नव्हते. संदेश अनोळखी नंबरावरून आला असता तर बऱ्याच जणांनी तो सोडून दिला असता. तो आला मावसभावाकडून, वर्गमित्राकडून, भजनी मंडळाच्या ग्रुपवरून. मित्र खोटे कशाला सांगेल? या एका प्रश्नावर ती अफवा गावोगाव चालत गेली. पाठवणाऱ्याला वाटत होते, आपण मित्रांची पोरे वाचवतो आहोत. मैत्रीतला सर्वांत चांगला गुण, दुसऱ्याची काळजी, तोच हत्यार झाला. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच, फक्त इथे केस कोणाच्या हातात आहे हे कापणाऱ्यालाही दिसत नव्हते.

त्याच दिवशी रात्री मालेगावातही जमाव जमला. तिथे पाच जणांचे एक कुटुंब अडकले, त्यात दोन वर्षांचे मूल होते. पण तिथे गल्लीतल्या माणसांनी त्यांना घरात घेतले, दार लावले आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढले. अफवा तीच होती, मोबाइल तेच होते. मालेगावात कोणीतरी त्या पाचांचे चेहरे पाहिले आणि दारात उभे राहून ‘नाही’ म्हटले.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा पुढे आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि असे संदेश पुढे जाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. म्हणजे यंत्राची रचना बदलता येते. ती आधी बदलता आली असती. मग त्यासाठी माणसे मरावी का लागली, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

आतापर्यंतचा दगा अजाणता झालेला होता. आता जाणून केलेल्या दग्याबद्दल बोलतो, कारण त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. थायलंडच्या सीमेला लागून म्यानमारमध्ये म्यावाडीच्या आसपास मोठमोठी बंदिस्त आवारे उभी राहिली आहेत. आत रांगांनी संगणक आणि फोन. संगणकावर काम, चांगला पगार, विमानाचे तिकीट, असे सांगून तिथे तरुण नेले जातात. पोहोचताच पासपोर्ट काढून घेतला जातो. मग दिवसरात्र परदेशातल्या माणसांशी खोट्या नावाने मैत्री जुळवायची आणि पैसे उकळायचे. ऐकले नाही तर मार, उपासमार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ मध्ये म्हटले, की एकट्या म्यानमारमध्ये निदान १ लाख २० हजार माणसे अशी अडकलेली असू शकतात आणि कंबोडियात सुमारे एक लाख. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांतून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना तिथून परत आणले. त्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते.

या आवारांत जाणाऱ्याला बऱ्याचदा ओळखीचाच माणूस नेतो. आणि आत अडकलेल्यांना कधी कधी सांगितले जाते, की सुटायचे असेल तर आणखी माणसे आण. क्षणभर कल्पना करा. बालमित्राचा फोन येतो. ‘भाऊ, इथे मस्त चालले आहे, तू पण ये.’ आवाज त्याचाच आहे, पण शब्द समोर उभ्या असलेल्या रखवालदाराचे आहेत. हा मित्राचा दगा आहे की त्याच्यावर झालेला अत्याचार? माझे उत्तर आहे, दोन्ही. मारामुळे तोंडातून खोटे निघाले, तर कायद्याने आणि समाजाने त्याला आधी पीडित मानावे. पण सुटून आल्यावर आपण कोणाला बोलावले, त्याचे काय झाले, हे त्याने सांगितले पाहिजे. जो गप्प राहतो आणि कमिशन मोजतो, त्याला यंत्राचे नाव सांगून सुटता येणार नाही. मिलग्रॅमच्या त्या विसांतल्या तिघांसमोरही तेच यंत्र होते, जे सतरांसमोर होते.

या दग्याची लहान पायरी आपल्या गल्लीतही आहे. ‘तुझे बँक खाते महिनाभर वापरू दे, पाच-दहा हजार मिळतील.’ मित्राने म्हटले म्हणून पोरगा पासबुक, एटीएम कार्ड, सिम देऊन टाकतो. त्या खात्यातून कुठल्यातरी म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी निघून जाते आणि पोलीस येतात ते या पोराच्या दारात. खाते भाड्याने मागणारा मित्र मैत्रीचा हक्क सांगत असला, तरी ती मागणी मैत्रीतली नाही. तिथे स्पष्ट नकार द्यावा.

आणि आता चेहराही बनावट करता येतो. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका मोठ्या कंपनीतल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपल्या वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना पाहिले, त्यांचे ऐकले आणि सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवून दिले. पडद्यावरची ती माणसे यंत्राने तयार केलेली होती. इथे तर मित्राने काहीच केले नाही, तरी दगा त्याच्या नावावर लागतो. अशा वेळी फसलेल्या माणसाचा राग भलत्याच ठिकाणी जातो आणि वर्षानुवर्षांची मैत्री तुटते. पैशाइतकेच हे नुकसान मोठे आहे.

मग करायचे काय? मला वाटते, याचे उत्तर द्यायला आपल्या शहराइतके अधिकारी शहर दुसरे नाही. उल्हासनगर हे लष्करी छावणीच्या बराकींत वसले. फाळणीनंतर सर्वस्व गमावून आलेल्या सुमारे लाखभर सिंधी निर्वासितांचे हे गाव. ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी त्याचा पाया घातला. एका बराकीत अनेक कुटुंबे, मध्ये पडदा. कोणाकडे तारण नव्हते, कागद नव्हते. धंदा उभा राहिला तो शब्दावर. त्याच्याही आधी शिकारपूरच्या सराफांची हुंडी बुखारा-समरकंदपर्यंत वटत असे. हजारो मैल अंतर ओलांडून विश्वास जात असे, कारण हुंडीच्या दोन्ही टोकांना ओळखीचा, जबाबदार, नाव घेऊन जाब विचारता येईल असा माणूस होता. अंतर वाईट नाही. ज्या अंतरात कोणीच जबाबदार उरत नाही, ते वाईट.

म्हणून पैशाचा, मुलाचा, जिवाचा विषय असेल तेव्हा अंतर तोडा. मित्राचा संदेश आला तर त्याला स्वतः फोन लावा, आणि फोनवरही शंका असेल तर जाऊन भेटा. कॅम्प पाचमधून कॅम्प एकला रिक्षाने जायला फार वेळ लागत नाही. घरातल्यांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा, जो यंत्राला माहीत नसेल. परदेशातल्या नोकरीचे बोलावणे आले तर ती देणाऱ्या दलालाची सरकारी नोंदणी आधी तपासा. आणि फसवणूक झालीच, तर लाज बाळगून गप्प बसू नका. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. पहिल्या काही तासांत पैसा अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, आणि लाजेत गेलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो.

मिलग्रॅमच्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट सांगून मी थांबतो. एकदा यंत्रासमोर तिघांना एकत्र बसवले. त्यांतले दोघे प्रयोगकर्त्यांचेच होते आणि ते मध्येच उठून म्हणाले, आम्ही हे करणार नाही. तेव्हा उरलेल्यांपैकी शेवटच्या कळीपर्यंत जाणारे चाळिसांत फक्त चार निघाले. ६५ टक्क्यांचे १० टक्के झाले, कारण शेजारच्या माणसाने ‘नाही’ म्हटले.

मित्रहो, यंत्र बनवणाऱ्यांना जाब विचारायला कायदा हवा, आणि तो आपण मागत राहिले पाहिजे. पण कायदा येईपर्यंत तुमच्या ग्रुपवर खोटा संदेश आला तर पहिले ‘नाही’ तुम्ही म्हणा. मित्र खाते मागायला आला तर त्याला नकार द्या आणि त्याला जवळ बसवून कारण सांगा. आणि यंत्राच्या जाळ्यात सापडून ज्याच्या हातून चूक झाली, त्याच्याकडून हिशेब घ्या, पण त्याला वाळीत टाकू नका. वाळीत टाकलेला माणूस एकटा पडतो, आणि यंत्राला हवा असतो तो एकटाच माणूस.